झाडायची पाळी

त्या बुधवारी गर्गिलकाकांचं घर, म्हणजे आमची ख्रिस्ती मंडळी जमायची ते घर, झाडायची पाळी माझ्या वहिनीची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

वहिनी म्हणजे बिरिक्ता, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर आम्ही दोघी नणंद-भावजय एकाच खोलीत राहिलो आणि एकाच ठिकाणी राबलो. आमच्या नेआपोलिस गावाच्या किनाऱ्यावर मासे खारवायचे हौद आहेत, तिथे. बांगडे, तारली, कधी मोठा कुपा. आम्ही चिरायचो, आतडी वेगळी काढायचो, मिठाचे थर द्यायचो. त्या वासाचं काय करणार? तो अंगात मुरतो. रविवारी मंडळीत जायच्या आधी वहिनी राख लावून कोपरापर्यंत हात घासायची, अगदी कातडी लाल होईपर्यंत, आणि तरीही तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका जरा सरकूनच बसायच्या.

प्रभूच्या मार्गावर येऊन तिला तीस वर्षं झाली होती. बाप्तिस्मा मिळायच्या आधी तीन वर्षं ती मागच्या रांगेत उभी राहून शिकली होती, आणि हे ती दर दोन-चार दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगायचीच. पहाटे उठली की पूर्वेकडे तोंड करून दोन्ही हात पसरून प्रार्थना. मग कोनाड्यातली लाकडी डबी उघडून रविवारच्या पवित्र भाकरीचा तुकडा तोंडात घालायची. त्याच्या आधी पाण्याचा थेंबसुद्धा नाही. चप्पल घालताना कपाळावर क्रूस, दिवा लावताना क्रूस, सुरी हातात घेताना क्रूस. बुधवार-शुक्रवार दुपार कलेपर्यंत उपास. आजाऱ्याकडे पेज न्यायची असेल, पाहुण्याचे पाय धुवायचे असतील, मेलेल्याला आंघोळ घालायची असेल, वहिनी पुढे. आपण चांगल्या आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते इतरांनीही बोलून दाखवावं अशी तिची इच्छा होती, आणि इतर लोक काही बोलत नसत.

मुस्तुला आमच्या शेजारच्या फळीवर मासे चिरायची. चाळिशीची, दोनदा लग्न झालेली, दोन्ही नवरे सोडून गेलेले. तोंडाने तिखट, पण मनात काही ठेवायची नाही. तिला मंडळीत वहिनीनेच आणलं. ती आली ती प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी, आणि हे लपवायचीही नाही. शिकवण चालू असताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून खुशाल झोपायची. एकदा उपासाच्या दिवशी हौदामागे ती काहीतरी चघळताना वहिनीने पाहिलं.

"मुस्तुला, तोंडात काय आहे?"

"जीभ आहे, अक्का."

"दाखव."

"दाखवली तर बोलेल, आणि मग तुलाच राग येईल."

आम्ही सगळ्या हसलो. वहिनी हसली नाही.

शिकायला येऊन मुस्तुलाला दीड वर्ष झालं होतं. बाप्तिस्मा अजून दूर होता. झाडायच्या दोन पाळ्या तिने चुकवल्या होत्या. म्हणून मंगळवारी काम संपताना वहिनी तिला म्हणाली, "उद्या माझी पाळी तू करायचीस. मला त्या दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याकडे पेज न्यायची आहे. आणि कोपरे नीट झाड, मी येऊन बघणार आहे."

ख्रिस्ती लोकांनी एकत्र जमू नये असा सम्राटाचा हुकूम निघून महिना झाला होता. आम्ही तरीही जमत होतो, थोडे थोडे, वेगवेगळ्या दिवशी. त्या बुधवारी सकाळी लोक गोळा व्हायच्या आतच शिपाई गर्गिलकाकांच्या घरात शिरले. घरात तिघंच होती: स्वतः गर्गिलकाका, त्यांचा नोकर रोगाट आणि मुस्तुला. शिपायांच्या मुख्याने एकेकाला विचारलं, "ख्रिस्ती आहेस?" गर्गिलकाका म्हणाले, "आहे." रोगाट म्हणाला, "नाही," आणि त्याला तिथल्या तिथे सोडून दिलं. मुस्तुलाच्या हातात झाडू होता. ती म्हणाली, "आहे."

"झाडू ठेव खाली."

"अर्धी खोली राहिलीय की अजून!"

हे रोगाटनेच नंतर रडत रडत सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते अख्ख्या बंदरावर पसरलं. 'अर्धी खोली राहिलीय.' कोळणी म्हणू लागल्या, भारवाहक म्हणू लागले, आमच्यावर हसणारे लोकसुद्धा म्हणू लागले, पण वेगळ्या सुरात.

पेजेचं रिकामं भांडं घेऊन वहिनी हौदावर आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती मिठाच्या ढिगावर मटकन बसली. "माझी पाळी होती," एवढंच म्हणाली. मला वाटलं, तिला मुस्तुलाचं वाईट वाटतंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आठ महिने मुस्तुला तुरुंगात होती. डाव्या पायात बेडी. गर्गिलकाका तिसऱ्याच महिन्यात आत वारले. आम्ही दोघी रोज जेवण घेऊन जायचो, जवाची पेज आणि खारवलेल्या माशाचा तुकडा. पहारेकऱ्याला चार बांगडे दिले की तो दारातून बाजूला व्हायचा.

सुरुवातीला आम्ही दोघीच असायचो. मग मंडळीतले लोक येऊ लागले, मग शेजारच्या गावांतले. ज्या बायका वहिनीपासून सरकून बसायच्या, त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून मुस्तुलाच्या बेडीचं चुंबन घ्यायच्या. आजारी मुलं तिच्यापुढे धरायच्या. "ताई, प्रार्थना करा. प्रभू तुमचं ऐकतो."

मुस्तुला गोंधळून वहिनीकडे बघायची. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आमच्यात बाप्तिस्म्याच्या तोंडावरच शिकवतात, आणि तिला ती येतच नव्हती. "अक्का, तू म्हण ना पुढे, मी मागून म्हणते."

मग वहिनी एकेक ओळ सांगायची आणि मुस्तुला म्हणायची. मूल मुस्तुलाच्या मांडीवर. दोन दिवसांनी मूल बरं झालं की बाई मध आणि खजूर घेऊन यायची, मुस्तुलासाठी.

मग प्रांतातल्या सगळ्या मंडळ्यांच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की जी शिपायांपुढे विश्वासाची साक्ष देऊन बसली आहे तिला शिकाऊ ठेवता येणार नाही, तिचा बाप्तिस्मा आतच करा. पाणी लागणार होतं. विहिरीपासून तुरुंगापर्यंत भरलेली घागर डोक्यावर कोणी नेली? वहिनीने. उन्हात, उपाशीपोटी. मी अर्ध्या वाटेत म्हटलं, "द्या माझ्याकडे." तिने मान हलवली. मंडळीच्या सेवकाने ते पाणी मुस्तुलाच्या डोक्यावर ओतलं, ती थंडीने शहारली आणि हसली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. येताना मला म्हणाली, "मी तीन वर्षं थांबले, सिद्दिना. तीन वर्षं. हिला घागरभर पाण्यात मिळालं, आणि पाणीही माझंच."

त्या दिवशी मला समजलं की 'माझी पाळी होती' याचा अर्थ काय.

त्यानंतर वहिनीचं रूपच बदललं. म्हणजे करत सगळं होती, जेवण नेणं, प्रार्थना, उपास. पण बोलताना प्रत्येक गोष्ट वळून तिथेच यायची. कोणी म्हटलं, मुस्तुला बारीक झाली, की म्हणायची, "आधीच जाड होती." कोणी म्हटलं, किती धीराची, की म्हणायची, "धीर कसला? दुसरीकडे जायला जागा नव्हती." मासे चिरताना सुरी इतक्या जोराने चालवायची की दोनदा बोट कापून घेतलं. आणि मग स्वतःच लाजून रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन खोली पुसायची.

एका सकाळी ती कामावर आलीच नाही. कपाळाला तेल लावून, धुतलेलं वस्त्र नेसून ती थेट नगरकचेरीत गेली होती. मी मागोमाग धावले. पोचले तेव्हा ती कारकुनाच्या चौरंगासमोर उभी राहून मोठ्याने म्हणत होती, "मी ख्रिस्ती आहे! तीस वर्षं आहे!"

कारकून नाक मुरडून मागे सरकला. "बरं मग?"

"मला पकडा."

"बाई, जमलेल्या लोकांना पकडायचा हुकूम आहे. तू एकटी आहेस. एकट्या बाईची सभा होत नाही."

"त्या दिवशी झाडायची पाळी माझी होती!"

कारकुनाने शिपायाकडे बघितलं. "झाडायचं असेल तर इथला चौक झाड. आणि मग बाहेर हो, सगळ्या कचेरीत मासळीबाजार भरलाय."

शिपाई हसले. मी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

हे आमच्या वडील नम्फामोंच्या कानावर गेलंच. ते मंडळीचे वडील, हुकूम निघाल्यापासून डोंगराकडच्या एका खेड्यात होते आणि चोरून यायचे. त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं. माझ्यासमोरच म्हणाले, "बिरिक्ताबाई, आपण होऊन मरणाच्या दारात जाऊन उभं राहायला प्रभूने सांगितलेलं नाही. मानासाठी तर नाहीच नाही."

"मानासाठी नव्हते गेले."

"मग कशासाठी?"

उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते तोंडातून काढायला तिला अजून बराच वेळ लागणार होता.

वसंतात हुकूम मागे घेतला गेला. मुस्तुला सुटली. डाव्या पायाचा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, चालताना पाय ओढायची. रविवारी गर्गिलकाकांच्या घरी सगळे जमलो, आणि वडील नम्फामोंनी तिला हाताला धरून पुढे नेलं आणि वडिलांच्या ओट्यावर आपल्याशेजारी बसवलं. साक्ष देऊन आलेल्यांचा तो मान. बाईमाणूस, हौदावर काम करणारी, आणि ओट्यावर! मंडळीतले लोक रडत होते.

मुस्तुलाने तो मान घेतलाही छान, खोटं कशाला बोलू. पहिले काही आठवडे ती सगळ्यांना सल्ले देत सुटली. कोणाच्या सुनेने कसं वागावं, जेवणात मीठ किती असावं. लोक ऐकून घ्यायचे. वहिनीच्या गालाची नस उडताना मला दिसायची.

तिसऱ्या रविवारी ते झालं. भाकर आणि द्राक्षारस मेजावर आणायच्या आधी आम्ही एकमेकांना शांतीचं चुंबन देतो. बायका बायकांना, पुरुष पुरुषांना. मनात कोणाविषयी अढी असेल तर अर्पण बाजूला ठेवून आधी समेट करायचा, हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. मुस्तुला ओट्यावरून उतरून बायकांकडे आली. एकेकीच्या गालाला ओठ लावत वहिनीपर्यंत पोचली, आणि वहिनीने तोंड फिरवलं. मुस्तुलाचे ओठ हवेतच राहिले.

"अक्का?"

वहिनी उठली आणि भाकर न घेता घरी गेली.

चार रविवार ती गेली नाही. डबीतली भाकर रोज चिमूट चिमूट खाऊन पुरवली, मग तीही संपली. रिकामी डबी उघडून ती पहाटे बघायची आणि मिटायची. मी काही विचारलं की म्हणायची, "तू जा. तुझ्या ताई वाट बघत असतील."

मग एका सकाळी मुस्तुला पाय ओढत हौदावर आली. तिला काम हवं होतं, खजुरांवर पोट किती दिवस भरणार. मुकादम म्हणाला, उभं राहता येत नसेल तर उपयोग नाही. ती आमच्या फळीपाशी एका पालथ्या टोपलीवर बसली.

"अक्का, तोंड का फिरवलंस?"

वहिनी चिरत राहिली.

"सांग तरी. मी काय केलं?"

"माझं घेतलंस तू!" वहिनीने सुरी फळीवर आपटली. "पाळी माझी होती. ती बेडी माझी होती, ती ओट्यावरची जागा माझी होती. तीस वर्षं मी पाय धुतले, मढी धुतली, फरशा धुतल्या. तू झोपा काढायचीस, झोपा! आणि लोक तुझ्या पाया पडतात."

मुस्तुलाने वस्त्र वर करून घोटा दाखवला. बेडीने मांस खाल्लं होतं, कडेला अजून पू होता. "घे की मग. आधी हा घे. त्या ओट्यावर चढताना जीव जातो माझा, माहितीय?"

वहिनीने बघितलं आणि मान वळवली.

"आणखी एक सांगू?" मुस्तुलाचा आवाज खाली आला. "शिपायाने विचारलं ना, तेव्हा मी 'नाही' म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं अगदी. मग वाटलं, अक्काला कळलं तर उद्या ती मला तारलीसारखी उभी चिरेल. त्या शिपायापेक्षा मला तुझी भीती जास्त वाटली. म्हणून 'आहे' म्हणाले."

मला हसू आलं. वहिनी हसली नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला.

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"सांगशील?"

तिने असं विचारलं आणि विचारताच तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण तिने हात तोंडावर ठेवला. पण शब्द परत घेतला नाही. "सांगते," मुस्तुला म्हणाली. "तुला बरं वाटणार असेल तर सांगते."

त्या रविवारी वहिनी माझ्याबरोबर आली. शिकवण संपल्यावर मुस्तुला ओट्यावर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, चिरायच्या तारलीसकट. वहिनी ताठ बसली होती. तिला वाटत होतं, आता माना तिच्याकडे वळतील.

लोक हसले. मायेने हसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "काय हा नम्रपणा! एवढं सोसून स्वतःकडे काही ठेवत नाही." दुसऱ्या दोघींनी पुढे होऊन मुस्तुलाचे हात डोळ्यांना लावले. वहिनीकडे कोणीही बघितलं नाही.

मी तिचा हात धरला. ती उठली. मला वाटलं, पुन्हा घरी निघाली. पण ती दारापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली, जिथे विश्वास नाकारून परत आलेले लोक पश्चात्ताप करत उभे असतात. त्या दिवशी तिथे एकटा रोगाट होता, खाली मान घालून. वहिनी त्याच्या शेजारी उभी राहिली.

वडील नम्फामो गडबडले. "बिरिक्ताबाई, तुम्ही तिथे का? तुम्ही काही नाकारलेलं नाही."

"माझ्याजवळ शांती नाही, वडील." तिचा आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी जळते तिच्यावर. तुरुंगात होती तेव्हाही जळत होते. पेज द्यायची आणि जळायची. कचेरीतही मी प्रभूसाठी गेले नव्हते. खोटं चुंबन देऊन मी भाकर खाणार नाही."

मग वडिलांनी प्रार्थना पुढे सुरू केली, दुसरं काय करणार.

नंतर लोक पांगल्यावर ते दारापाशी आले. "एक सांगतो, ते मंडळीसाठी नाही," ते हळूच म्हणाले. "ती पकडली गेली तेव्हा मी खेड्यात एका कोठारात लपलो होतो. आता दर रविवारी ती माझ्या शेजारी बसते आणि तिच्या पायाकडे माझी नजर जाते. तुम्ही निदान तोंडाने बोललात." आणि ते घाईघाईने आत गेले.

सात रविवार वहिनी दारात उभी राहिली. तीस वर्षं जी पुढे होती ती सगळ्यांच्या मागे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात. मत्सर गेला का? मी रोज विचारायचे, आणि रोज ती खरं सांगायची. "आज कमी होता." "आज त्या सावकारणीने तिला शाल दिली, तेव्हा पुन्हा आला." हौदावर मात्र तिने मुकादमाशी भांडून मुस्तुलाला बसायला एक ठोकळा मिळवून दिला. मुस्तुला बसून चिरायची, वहिनी तिच्या टोपल्या उचलायची, आणि दोघी दिवसभरात दहा शब्द बोलायच्या नाहीत. संध्याकाळी वहिनी कोमट तेलाने तिचा घोटा चोळायची. कसं? ओठ घट्ट मिटून, मुकाट्याने.

आठव्या रविवारी चुंबनाची वेळ झाली तेव्हा मुस्तुला ओट्यावरून उतरली आणि बायकांकडे न थांबता पाय ओढत सरळ दारापर्यंत आली. वडिलांनी मान हलवून परवानगी दिली होती. तिने वहिनीसमोर उभं राहून विचारलं, "आज तरी?"

"पूर्ण गेला नाहीय," वहिनी म्हणाली.

"किती उरलाय?"

"आहे थोडा."

"तेवढा चालेल मला," मुस्तुला म्हणाली आणि गाल पुढे केला. वहिनीने ओठ टेकले. मग वहिनीने त्या रविवारची भाकर घेतली, आणि मी बघितलं, एक तुकडा तिने डबीसाठी वस्त्राच्या टोकाला बांधला.

मुस्तुला त्यानंतर चार वर्षं जगली. सूज घोट्यातून वर चढत गेली आणि एका उन्हाळ्यात ती गेली. वहिनीने तिला आंघोळ घातली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. अंत्ययात्रेला शेजारच्या तीन गावांतले लोक आले. तिच्या मरणाच्या दिवशी दरवर्षी लोक लापशी, भाकरी आणि पातळ केलेला द्राक्षारस घेऊन तिच्या थडग्यावर जमतात, तिथे खातात, प्रार्थना करतात. वहिनी दरवर्षी जायची आणि दरवर्षी कुरकुरायची. लापशी कोणाची पातळ, कोणी काय नेसलं, परगावच्या बायका कशा पुढे पुढे करतात. पण कोणी मुस्तुलाविषयी काही वेडंवाकडं बोललं की तिथल्या तिथे त्याला गप्प करायची.

वहिनी तिच्यामागून नऊ वर्षांनी गेली, साध्या तापाने, जवाची कापणी चालू असताना. शेवटच्या आठवड्यात वडील नम्फामो काठी टेकत घरी आले. तेही आता थकले होते. तिच्या उशाशी बसून म्हणाले, "बिरिक्ताबाई, मंडळीने ठरवलंय, तुम्हाला मुस्तुलाच्या थडग्याशेजारी जागा द्यायची."

वहिनीने डोळे उघडले. "नको."

"का हो? तुमची एवढी जवळीक."

"तिच्याकडे येणारे सगळे माझ्यावर पाय देऊन जातील," ती म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी आम्ही तिला दफनभूमीच्या भिंतीकडच्या बाजूला पुरलं, जिथून कोणाचीच वाट जात नाही.